आठ शब्द आणि एक बाण

मित्रांनो, आधी तक्रार, मग ओळख. माझ्या उजव्या कोपऱ्यावर या क्षणी एक टोपी अडकवलेली आहे. माझी परवानगी न घेता. टोपीचा मालक समोरच्या दगडावर बसून बुटाची नाडी बांधतो आहे आणि तोंडानं शीळ घालतो आहे. मी काय खुंटी आहे? मी काय त्याच्या घरातली दारामागची जागा आहे? तीन वर्षं झाली, दर वर्षी येतो आणि पहिलं काम हेच करतो. माझ्याशी ज्याचं असं जुनं देणंघेणं आहे, त्यानं तरी निदान टोपी हातात धरावी. असो. तो नाडी बांधेपर्यंत मी तुम्हाला माझी गोष्ट सांगते.

मी एक जुनी लाकडी पाटी आहे. धबधब्याच्या वाटेवर, जिथं एका वाटेच्या दोन होतात त्या फाट्यावर, मी उभ्या दोन खांबांच्या मध्ये लोखंडी कड्यांनी टांगलेली आहे. मला शिक्षण फारसं नाही. माझ्या अंगावर जेवढं लिहिलंय तेवढंच मला येतं. समोरच्या बाजूला, निळ्या रंगात, 'मोठा धबधबा. अर्धा तास.' आणि डावीकडे दाखवणारा एक बाण. मागच्या बाजूला, लाल रंगात, 'पाणी चढलंय. मागे फिरा.' आठ शब्द आणि एक बाण. पण मित्रांनो, तेवढ्यावर मी पंचवीस वर्षं ही वाट चालवली आहे. जास्त शिकलेल्यांनी काय दिवे लावले ते पुढे येईलच.

जन्मापासून मी पाटी नव्हते. मी एका धान्याच्या पेटीचं झाकण होते. जाड, एकसंध फळी. त्या घरची म्हातारी माझ्यावर बसूनच घर चालवायची. कोणाला काय वाढायचं, कोणाला काय सुनवायचं, कोणत्या सुनेनं आज काय बिघडवलं, सगळे निकाल माझ्यावर बसून दिले जायचे. चाळीस वर्षं ते ऐकून ऐकून तिची जीभ मला लागली. त्यामुळे माझं बोलणं कोणाला बोचलं, तर त्याचं खापर माझ्यावर नाही, त्या म्हातारीवर फोडा. तिला चालेल. तिला सवय आहे.

तिचा मुलगा या वाटेची देखभाल करायचा, अजूनही करतो. सगळे त्याला वाटवाला म्हणतात. एका वर्षी ओढ्याच्या पाण्यानं एक पाहुणा वाहून जाता जाता वाचला, तेव्हा वाटवाल्यानं घरी येऊन सांगितलं की फाट्यावर मोठी पाटी हवी, पण कार्यालयातून फळी यायला सहा महिने लागतील. म्हातारी माझ्यावरून उठली. मला बिजागऱ्यांतून सोडवलं आणि मुलाच्या हातात दिलं.

"अगं आई, पेटीचं काय?" तो म्हणाला.

"झाकण नसलं तर उंदीर चार दाणे खाईल. पाटी नसली तर पाणी माणूस खाईल. ने."

अशी मी घरातून निघाले. सासरी जाताना लोक रडतात म्हणे. मी रडले नाही. मला काम होतं.

आता माझी जागा समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. गाड्या थांबतात तिथून एक सोपी वाट घळीच्या कडेकडेनं माझ्यापर्यंत येते. तिथं ती फुटते. डावी वाट खाली ओढ्याकडे उतरते. ओढ्यात ओळीनं सात मोठे दगड मांडलेले आहेत. त्यांच्यावरून पाय टाकत पलीकडे गेलं, की मोठ्या धबधब्याच्या पायथ्याशी पोहोचता येतं. उजवी वाट पायऱ्यांनी वर कठड्याकडे जाते. तिथून सगळी घळ एका नजरेत दिसते, पाणी कोसळताना दिसतं, आणि पाय मात्र कोरडे राहतात. त्या बाजूला एक छोटी पाटी आहे, 'वरचा कठडा' म्हणून. ती माझी धाकटी जाऊ. तिला कधीच कोणाला 'नाही' म्हणावं लागत नाही, म्हणून सगळ्यांची लाडकी. घरात एक अशी असतेच.

'नाही' म्हणण्याचं काम माझं. सात दगडांपैकी चौथ्या दगडावर वाटवाल्यानं पांढरा पट्टा ओढला आहे. रोज सकाळी तो ओढ्यावर जाऊन पट्टा बघतो. पट्टा कोरडा असला तर माझी निळी बाजू पुढे. पाणी पट्ट्याला लागलं की तो मला कड्यांतून काढतो, उलटी करतो आणि पुन्हा टांगतो. लाल बाजू पुढे. एखाद्या दिवशी तीन तीनदा फिरवतो. त्यात एक गोम आहे, मित्रांनो. इथं लख्ख ऊन असतं, आणि वरच्या डोंगरात पाऊस पडून गेलेला असतो. ते पाणी इथवर यायला वेळ लागतो. ते सांगून येत नाही. मग लोक माझ्याकडे बघतात, आभाळाकडे बघतात आणि म्हणतात, "ही पाटी कालची दिसते." कालची! मी आजची असते, तेच उद्याचा विचार न करता आलेले असतात.

तरी सांगते, बावीस वर्षांत लोकांनी माझं ऐकलं. कुरकुरले, पण फिरले. आया मुलांना माझ्यासमोर उभं करून अक्षरं वाचायला लावायच्या. वाटवाला माणसांना सांगायचा, "माझ्या शब्दावर जाऊ नका, हिच्या शब्दावर जा." मला गर्व होता. अजून आहे. मी कधी खोटं बोलले नव्हते.

मग तो दिवस आला. सुट्टीचा दिवस, स्वच्छ ऊन. सकाळी वाटवाला ओढ्यावरून आला. पाणी पट्ट्याच्या खाली बोटभर होतं, पण चढत होतं. त्यानं मला लाल बाजूनं फिरवलं. लाल अक्षरं फिकी पडली होती, म्हणून डबा काढून सगळी अक्षरं पुन्हा भरली, भोवतीची चौकटही रंगवली, आणि वरच्या कठड्याचे बोल्ट आवळायला निघून गेला. मी ओल्या रंगात, नवं लुगडं नेसल्यासारखी मिरवत होते.

थोड्या वेळानं एक कुटुंब आलं. पुढे एक तरुण बाई, भराभर चालणारी. तिनं मला वाचलं, "चला, खालचं बंद आहे," म्हणत मागे वळून हाक मारली, "अण्णा, सावकाश या! फाट्यावर पाटी आहे, ती सांगेल तिकडे या!" आणि उजवीकडच्या पायऱ्या चढून गेली. अण्णा म्हणजे तिचे वडील. घड्याळं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेले, काठी टेकत चालणारे. ते खालच्या वळणावर नातीबरोबर रेंगाळले होते, कारण नऊ वर्षांच्या नातीला रस्त्यातला प्रत्येक गोल खडा खिशात हवा होता.

मधे राहिले जावईबापू. टोपीवाले. माझ्यासमोर थांबले, मोबाईल काढला आणि नाक मुरडलं.

"लाल पाटीबरोबर फोटो काय काढायचा?" ते स्वतःशीच म्हणाले. "लोक म्हणतील, अर्ध्यातून पळाला."

आणि मित्रांनो, त्यांनी मला दोन्ही हातांनी धरून कड्यांतून काढलं, निळ्या बाजूनं फिरवलं आणि टांगलं. माझ्याशेजारी दात दाखवून उभे राहिले. तीन फोटो काढले. तिसरा बरा आला असावा, कारण मग मोबाईल खिशात गेला. तेव्हा त्यांनी आपले हात पाहिले. तळवे लाल.

"छे! ओला रंग!" पानांना हात पुसले. पानं लाल झाली, हात तसेच राहिले. मग माझ्याकडे हात नेला, मधेच थांबवला. पुन्हा धरलं तर पुन्हा भरतील. "येईल कोणीतरी, करील सरळ," म्हणाले आणि पायऱ्या चढून गेले.

'कोणीतरी.' या माणसाला मी आजवर पाहिलेलं नाही. पंचवीस वर्षांत कधी या वाटेनं आलाच नाही.

आता मी निळ्या बाजूनं उभी होते आणि माझा बाण खाली ओढ्याकडे होता. अण्णा आणि नात आले. अण्णांनी चष्मा नीट केला, मोठ्यानं वाचलं.

"मोठा धबधबा. अर्धा तास. डावीकडे."

नात माझ्या खालच्या कडेला बोट लावून म्हणाली, "आजोबा, इथं लाल बोटं उमटलीयेत."

"रंग आहे गं. हात नको लावू."

"पण आई कुठंय?"

"गेली असणार खाली. पाटी सांगेल तिकडे या म्हणाली ना? लिहिलेल्यावर विश्वास ठेवावा बाळ. ज्यानं लिहिलं त्यानं विचार करून लिहिलेलं असतं."

त्यांनी मला असं मानानं वाचलं, आणि मी त्यांना पाण्याकडे पाठवत होते. मला तोंड असतं तर मी ओरडले असते. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती की निदान कड्या वाजल्या असत्या. आयुष्यात पहिल्यांदा मी खोटं बोलत होते, तेही सुंदर निळ्या अक्षरांत.

फाट्यावरून मला ओढा दिसतो. मी पाहत राहिले. पहिला दगड, दुसरा, तिसरा. नात पुढे, अण्णा मागे. चौथ्या दगडावर अण्णा थांबले. त्यांनी खाली पाहिलं. पांढरा पट्टा पाण्याखाली गेला होता. त्यांना पट्ट्याचा अर्थ माहीत नव्हता, पण चाक कधी वेगानं फिरायला लागलं हे घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला कळतं. त्यांनी पाचव्या दगडावरच्या नातीला मागे ओढून आपल्याजवळ घेतलं आणि परत फिरले, तर मागचा तिसरा दगड दिसेना. पुढचा पाचवाही बुडत होता. एका दगडावर दोन जीव, आणि भोवती गढूळ पाणी.

त्याच वेळी वर काय झालं, ते मी पाहिलं नाही. वाटवाल्यानं संध्याकाळी आईला सांगितलं, तेव्हा ऐकलं. जावईबापू कठड्यावर पोहोचले तेव्हा वाटवाला बोल्ट आवळत होता. त्याची नजर तळव्यांवर गेली.

"साहेब, हात कशानं लाल झाले?"

"तुमच्या पाटीनं! ओला रंग लावून ठेवता, निदान तसं लिहा तरी."

"पाटीला हात कशाला लावलात?"

"फोटोपुरती उलटली होती."

"परत फिरवलीत का?"

जावईबापूंनी हात खिशात घातले. वाटवाल्यानं पाना तिथंच टाकला आणि पायऱ्यांवरून पळत सुटला. त्याच्या मागे जावईबापू, आणि काय झालं ते न कळता त्यांची बायको.

वाटवाला माझ्यापाशी आला. खाली ओढ्यात दोघं उभी असलेली त्यालाही दिसली. आणि तरी मित्रांनो, पळता पळता तो थांबला, मला उचललं, लाल बाजूनं फिरवलं, टांगलं आणि मग पुढे धावला. नंतर एकानं त्याला विचारलं, तेवढ्यात हे कशाला? तो म्हणाला, "मागून आणखी कोणी आलं असतं तर?" काम करणारा माणूस आणि फोटो काढणारा माणूस यांत एवढाच फरक असतो.

नेहमी खांद्यावर असणारा दोर त्यानं काठच्या झाडाला बांधला, दुसरं टोक कमरेला. मांडीभर पाण्यातून तो दगडापाशी पोहोचला. अण्णांनी काठीची मूठ दगडाच्या खाचेत अडकवली होती, दुसऱ्या हातानं नातीला छातीशी धरलं होतं. त्यांनी नात आधी दिली. तिला काठावर आईच्या हातात सोपवून तो पुन्हा गेला आणि अण्णांना घेऊन आला. काठी सुटली ती सुटलीच, घळीतून खाली गेली. नातीच्या खिशातले खडे मात्र सगळे शाबूत.

वर येताना सगळे माझ्यासमोर थांबले. अण्णांनी ओला चष्मा पुसून मला वाचलं. पुन्हा पुसला, पुन्हा वाचलं.

"पाणी चढलंय, मागे फिरा," ते हळू म्हणाले. "मघाशी असं नव्हतं. मी तर..." मग त्यांनी मान खाली घातली. "माझंच वाचायला चुकलं. वय झालं. आता पोरीला माझ्याबरोबर एकटी सोडू नका."

मित्रांनो, पाण्यानं मला काही केलं नसतं, पण या वाक्यानं मी आतून चिरले. ज्यानं माझा मान ठेवला, त्यानं माझं खोटं आपल्या डोक्यावर घेतलं. आणि ज्याचं ते खोटं होतं, तो दोन्ही हात खिशात घालून उभा होता. वाटवाल्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं. बोलला नाही. ज्याचं त्यानं सांगावं, अशी त्याची रीत आहे.

माझा ओला रंग बोटांनी फासला होता, 'फिरा' लांबून नीट वाचता येत नव्हतं. म्हणून वाटवाल्यानं वाटेवर दोर आडवा बांधला, मला काखेत मारलं आणि सगळ्यांना घेऊन आपल्या घरी आला. गाड्या थांबतात तिथंच त्याचं दोन खोल्यांचं घर. मला स्वयंपाकघरात भिंतीला टेकवून ठेवलं. किती वर्षांनी मी माझ्या पेटीसमोर आले! पेटीवर आता कसलासा पत्रा होता. म्हातारी त्यावर बसली होती. अण्णांना तिनं कोरडा सदरा दिला, नातीला घोंगडी गुंडाळली, चुलीशी बसवलं आणि चहाचे कप फिरवले.

जावईबापूंना कप घ्यायला हात बाहेर काढावाच लागला.

नातीनं पाहिलं. तिनं माझ्या कडेवरची बोटं पाहिली, मग वडिलांची. मुलं हिशेब लावतात, पण मोठ्यांसारखा झाकत नाहीत.

"बाबा, पाटीवरची बोटं तुमची आहेत?"

म्हातारीनं पत्र्यावर बोटं वाजवली. "बोला. पोरीनं विचारलंय."

"अण्णा," जावईबापू म्हणाले, "तुमचं वाचायला चुकलं नाही. पाटी मी उलटली होती. परत फिरवली नाही. हात भरतील म्हणून."

त्यांच्या बायकोनं हातातला कप खाली ठेवला आणि ती अण्णांच्या शेजारी जाऊन बसली. अण्णांनी जावयाकडे पाहिलं.

"म्हणजे माझे डोळे ठीक आहेत," ते म्हणाले. मला वाटलं रागावतील. पण त्यांच्या तोंडावर सुटका होती. "मग उद्यापासून पोरीला शाळेत सोडायला मीच जाणार."

म्हातारीला एवढ्यावर समाधान नव्हतं. तिचं कधीच नसतं. "जावईबापू, तुमच्या घरात दार उघडलं तर लावता ना? की तेही कोणीतरी येऊन लावतं?"

"लावतो."

"मग बाहेरचं जग काय वेगळं आहे?"

त्यानंतर मित्रांनो, माझ्या वाईट दिवसांबद्दलही सांगायला हवं. त्या प्रसंगानंतर कार्यालयातून चकचकीत पत्र्याची पाटी आली. तिच्यावर लिहिलं होतं, 'पाण्याची पातळी पाहून पर्यटकांनी स्वतःच्या जबाबदारीवर पुढे जावे.' किती शिकलेली! आणि सांगितलं काय? काहीच नाही. मी घरी पेटीवर परत झाकण म्हणून पडले. म्हातारी माझ्यावर बसायची, जुने दिवस आल्यासारखे वाटायचे, पण लाकडालासुद्धा कळतं, आपलं काम कुठं आहे ते. पावसाळाभर वाटवाला फाट्यावर स्वतः उभा राहून लोकांना सांगत होता. घसा बसला त्याचा. शेवटी म्हातारीच उठली.

"ने तिला परत."

"कुलूप घालू का कड्यांना? म्हणजे कोणी उलटणार नाही."

"आणि पाणी चढलं तेव्हा तू किल्ली शोधत बस. मूर्खा, कुलूप पाटीला नसतं लावायचं. माणसाला लाज असते, ती पुरते. ज्याला नसते त्याला कुलूपही पुरत नाही."

म्हणून आजही मला कुलूप नाही. म्हातारी आता चालू शकत नाही. रोज संध्याकाळी मुलाला एकच विचारते, "आज कोणत्या बाजूनं आहे?" आणि उत्तर ऐकल्यावरच जेवते.

माझे लाल शब्द त्यानंतर चारदा रंगवले गेले. कडेवरची पाच बोटं मात्र वाटवाला दर वेळी तशीच सोडतो. मी त्याला सांगितलेलं नाही. त्याचं त्यालाच कळलं.

आता पुन्हा या टोपीकडे येऊ. नाडी बांधून झाली आहे. आज ऊन आहे आणि मी लाल आहे. अण्णा नवी काठी घेऊन नातीबरोबर वर कठड्याला गेले आहेत. ती आता बारा वर्षांची आहे, अजून खडे गोळा करते. जावईबापू मात्र दर वर्षी इथं फाट्यावरच बसतात. का बसतात, ते मी कधी विचारलं नाही.

आणि हे पाहा, खालच्या वळणावरून पाचसहा जणांचा घोळका येतो आहे. हसत, खिदळत. पुढचा माझ्यासमोर उभा राहून म्हणतो, "अरे, एवढं ऊन आहे! ही कालची पाटी दिसते. उलटव रे जरा, धबधब्याचं नाव येऊ दे फोटोत."

एकाचा हात माझ्याकडे येतो. जावईबापू दगडावरून उठतात.

"हात लावू नका."

"अहो काका, फोटोपुरतं. लगेच परत करतो."

"मीही लगेचच करणार होतो," जावईबापू म्हणतात. "खाली माझी मुलगी आणि सासरे उभे होते. त्या चौथ्या दगडावर. ही खोटं बोलत नाही. खोटं तिच्याकडून वदवून घेतलं जातं. फोटो काढायचाय ना? लालच्या शेजारी उभे राहा, मी काढतो."

पुढे आलेला हात मागे जातो. मग एक जण हसतो, माझ्याशेजारी उभा राहतो, दुसराही येतो. जावईबापू फोटो काढतात. मग ते सगळे माझ्या धाकट्या जावेच्या वाटेनं वर जातात.

मित्रांनो, तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. जे हलवाल ते परत जागेवर ठेवा. हात भरले तरी. कारण तुमच्या मागून कोण येतंय, ते तुम्हाला दिसत नाही, मला दिसतं.

वारा सुटलाय. माझ्या कड्या करकरतायत. जावईबापू टोपी घ्यायला हात वर करतात, आणि मी, बावीस वर्षं आणि तीन, आठ शब्दांवर भागवलेली, आज पहिल्यांदा आठव्या शब्दापुढे जाते.

"जावईबापू, त्या दिवशी चुकलात ते चुकलातच. ती पाच बोटं मी मरेपर्यंत अंगावर बाळगणार आहे, पुसू देणार नाही. पण आज माझं बोलणं तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं बोललात. राहू द्या ती टोपी तिथंच."